‘तुम्ही बसा’ म्हणण्याआधी

सभागृहात सत्तरीपुढची बरीच मंडळी दिसताहेत, आणि त्यांना हाताला धरून घेऊन आलेली मुलं-सुनाही दिसताहेत. आज मला जास्त बोलायचंय ते हात धरणाऱ्यांशी.

घरातलं वडीलधारं माणूस एकदा पडलं, की दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं : ‘तुम्ही बसा, आम्ही आणून देतो.’ पाणी हातात, ताट हातात, पेपर हातात. यात माया असते, पण मांडीचे स्नायू मायेवर टिकत नाहीत. 2007 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या दोन्ही पायांचे मिळून सुमारे 1 किलो स्नायू झडले. अशक्त पायांवर भरवसा राहत नाही, भरवसा नाही म्हणून चालणं कमी होतं, आणि पुन्हा पडायची वेळ जवळ येते.

म्हणून खुर्चीतून उठायचा सराव रोज करा. खुर्ची हातांची, भिंतीला टेकवलेली. सुरुवातीला हातांचा आधार घ्या; मग हात छातीशी घडी करून उठता-बसता येतंय का ते पाहा. घरातल्यांनी शेजारी उभं राहावं, ओढून उठवू नये.

पडण्याचं कारण बरेचदा औषधांच्या डब्यात असतं. रक्तदाबाच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखान्यात बी.पी. बसवून मोजतात; ‘आडवं असताना आणि उभं राहिल्यावरही मोजा’ असं तुम्ही आपणहून म्हणा. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने उतरला, तर ती डॉक्टरांनी लक्ष घालायची गोष्ट आहे. मात्र गोळी परस्पर बंद करायची नाही. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडं बसायचं. पलंग ते संडास ही वाट उजेडाची हवी, तिथलं पायपुसणं आजच उचला, आणि कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलच्या दांड्याला लोंबकळून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

काठीबद्दल बोलायलाच हवं, कारण घरोघरी ती चुकीची असते. आजोबांची काठी आजी वापरतात! चपला घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. उजवा गुडघा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. खालचं रबरी बूच झिजलं की बदला.

बाहेरची जबाबदारी मात्र घरच्यांची नाही. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण गाडीची पहिली पायरी उंच असेल आणि फूटपाथवरचे पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील, तर आपल्या आया स्टँडपर्यंत पोचणार कशा? हे नगरसेवकांना विचारा, लेखी विचारा.

शेवटी, पडल्यावर उठायचं कसं, हे आम्ही कुणालाच शिकवत नाही. गादीवर, कुणाला तरी जवळ ठेवून, याचा सराव करा. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर. रांगत दिवाणापाशी किंवा जड लाकडी खुर्चीपाशी जायचं. प्लॅस्टिकची खुर्ची सरकते. दोन्ही हात बैठकीवर, चांगल्या पायाचं पाऊल पुढे, आणि जोर देऊन वर. गुडघे टेकवत नसतील, तर तज्ज्ञांकडून दुसरी पद्धत शिकून घ्या. पण पडल्यावर खुब्यात प्रचंड दुखत असेल, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर उठायचं नाही, कुणी उठवायचंही नाही. अंगावर पांघरूण घाला, जवळ बसा आणि 108 ला फोन करा.