पाहुणी बोट आणि बंदराचं शुल्क



आमच्या कल्याणजवळच्या मोहन्याच्या कडेने वाहणारी उल्हास नदी पुढे कल्याणच्या खाडीला मिळते आणि वसईजवळ समुद्रात जाते. याच खाडीवरच्या कल्याण बंदराची नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तिथे आधी रीतसर व्यापार चाले. पुढे सत्ता बदलली, बंदराची अडवणूक सुरू झाली आणि चुकून शिरलेलं ग्रीक जहाजही पहाऱ्यात भडोचला नेलं जाऊ लागलं. आलेल्या जहाजाला कसं वागवायचं, हा प्रश्न आपल्याकडे इतका जुना आहे.

आज मी बोलणार आहे ते माल न आणणाऱ्या बोटींबद्दल. एखादं जोडपं स्वतःच्या शिडाच्या यॉटमधून जग फिरत मुंबईला येतं. पिवळं निशाण चढवून नांगर टाकतं. आरोग्य, इमिग्रेशन, कस्टम यांची तपासणी झाल्याशिवाय किनाऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही. ही तपासणी कडकच हवी. 26 नोव्हेंबर 2008 ला मारेकरी समुद्रातूनच आले होते. माझं म्हणणं आहे ते पैशांबद्दल.

परदेशी बोट देशात आली की कस्टमच्या लेखी तीही आयातच. तिच्या किमतीवर शुल्क लावलं तर एकही प्रवासी इकडे फिरकणार नाही. म्हणून परत जाणाऱ्या बोटीला तात्पुरत्या आयातीची सूट देतात. खासगी बोटींसाठी 1956 मध्ये जिनिव्हाला तसा आंतरराष्ट्रीय करारही झाला. युरोपीय संघात बाहेरची खासगी यॉट 18 महिने शुल्काविना राहू शकते. आपल्या 1962 च्या कस्टम कायद्यानुसारही बोटीवरचा शिधा आणि इंधन बोटीवरच राहिलं तर शुल्क भरावं लागत नाही.

बंदर शुल्काचं तर आपल्याकडे फार आधी ठरलं होतं. 1908 च्या बंदर कायद्याने वादळामुळे माघारी फिरलेल्या जहाजाबरोबर हौशी यॉटलाही हे शुल्क माफ केलं होतं. कायदा इंग्रजांचा, तेव्हाचे यॉटवालेही बहुतेक साहेबच. तरी मला ही सूट न्याय्य वाटते. यॉटला ना क्रेन लागते, ना गोदाम. वाटाड्या घेतला, धक्क्याला बोट लावली, पाणी भरलं, तर त्याचे पैसे तिने जरूर द्यावेत. नुसतं आत आल्याबद्दल कशाला?

2025 मध्ये नवा बंदर कायदा आला आहे. त्याखाली दर ठरवताना ही सवलत प्रत्येक बंदराने राखली पाहिजे.

आपले दर्यावर्दीही परक्या बंदरांत जातात. नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे थांबे घेत मे 2010 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. ती नौदलाची बोट होती. उद्या आपल्या कल्याण-डोंबिवलीची एखादी मुलगी स्वतःच्या बोटीने निघाली, तर परक्या बंदरात तिला जी सूट मिळावी असं आपल्याला वाटेल, तीच आपण मुंबईत, रत्नागिरीत, मुरगावला आलेल्यांना द्यायला हवी. बोट परत नेण्याचं हमीपत्र पहिल्या बंदरात एकदा भरून घ्यावं आणि पुढच्या प्रत्येक बंदराने तेच मानावं.