पत्त्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही, वेबसाईटवर बोलणार आहोत. मागे कोणी हसले. हसा; पण आधी आमची फजिती ऐका.

आमच्या गटाने वर्गणी काढून पहिली वेबसाईट केली. शहरातल्या एका माणसाला पैसे मोजले. नारळ फुटला. पानावर काय? आम्हा पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि एक हिरवे रान, तेही आमचे नव्हे. कोणी फिरकले नाही. तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी कळले की पत्ता त्या माणसाच्याच नावावर नोंदलेला. त्याने चौपट पैसे मागितले. पैसा आमचा, सातबारा त्याचा! पत्ता सोडावा लागला.

मग आम्ही चौकशी केली, जगातली पहिली वेबसाईट चालली तरी कशी?

जिनिव्हाजवळ सर्न ही अणुकणांवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत-जात आणि त्यांची माहिती वेगवेगळ्या संगणकांत अडकून पडे. ती जोडावी असे टिपण टिम बर्नर्स-ली या इंग्रज तंत्रज्ञाने मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांपुढे ठेवले. १९९० च्या अखेरीस पहिली वेबसाईट चालू झाली, ती एकाच संगणकावर. तो कोणी बंद केला तर सगळेच बंद! म्हणून त्यावर लाल शाईने लिहून ठेवले होते की हे यंत्र बंद करू नका.

पहिल्या पानावर साहेबांचा फोटो नव्हता. हे जाळे काय, ते कसे वापरायचे, आपले पान त्याला कसे जोडायचे, एवढेच होते. तरी लोक वळेनात. मग संस्थेची टेलिफोन यादी त्यावर घातली. फोन नंबर रोजच लागतो! लोक नंबरासाठी आले आणि जाळ्याला सरावले. ऑगस्ट १९९१ मध्ये संगणकवाल्यांच्या जाहीर चर्चेत त्याची दवंडी दिली. डिसेंबरात अमेरिकेतील स्टॅनफोर्डच्या प्रयोगशाळेने आपली शोधनिबंधांची सूची जोडली.

तेव्हा मिनेसोटा विद्यापीठाचे गोफर नावाचे दुसरे जाळे जोरात होते. १९९३ मध्ये विद्यापीठाने त्यावर परवाना शुल्क लावण्याचे जाहीर केले आणि वापरणारे बिचकले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने आपले जाळे सर्वांना फुकट खुले केले. गोफर मागे पडले. नाका बसला की गाडीवान दुसरी वाट धरतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

यातून आम्ही तीन गोष्टी शिकलो.

पहिली, पत्ता गटाच्याच नावावर हवा. पावती दप्तरात, पासवर्ड दोघांकडे, नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात. २०१४ पासून 'डॉट भारत' असा देवनागरी पत्ताही मिळतो.

दुसरी, घेणाऱ्याला रोज लागणारी एक तरी गोष्ट पानावर हवी. कोणत्या गावात किती क्विंटल कापूस, कोणते वाण, कितवी वेचणी. किती पोती ज्वारी, कडब्याच्या किती पेंढ्या, फोन कुणाला करायचा. विकले गेले की त्याच दिवशी नाव काढायचे. शिळी यादी ही खोटी यादी. एकदा फसलेला पुन्हा येत नाही.

तिसरी, दवंडी. पत्ता पोत्यावर, पावतीवर, बाजाराच्या भिंतीवर लिहा. नुसते पान केले आणि गप्प बसलो, तर ती कोठारातच ठेवलेली ज्वारी.

वेबसाईटने भाव वाढत नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण दारात एकच व्यापारी उभा असेल तर तो म्हणेल तो भाव. दुसरा आणि तिसरा फोन आला की निदान 'थांबा, विचारून सांगतो' म्हणता येते. आजवर आपल्याला तेवढेही म्हणता येत नव्हते.

नव्या पानावर आमच्यापैकी एकाचाही फोटो नाही. कडब्याची यादी मात्र आहे. गावी परतल्यावर आधी एवढेच विचारा : तुमच्या गटाचा पत्ता कुणाच्या नावावर आहे?