नुसत्या नावाची पाटी

2025 साली बीड जिल्ह्याच्या पोलिसांवर आडनाव झाकण्याची वेळ आली. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी टेबलावरच्या पाट्या आणि छातीवरचे बिल्ले बदलायला लावले. त्यांवर नुसतं पहिलं नाव राहिलं. समोरचा साहेब कोणत्या जातीचा हे पाहून फिर्यादी आपलं काम होणार की नाही ते ठरवू लागला, तर अधिकाऱ्याने दुसरं करावं काय? उपाय भला आहे. पण एखाद्याची जात कळायला पाटी वाचावी लागते, असं समजणारा माणूस बीडचा नसावा.

ख्रिस्ती साहित्यिक जमले की अध्यक्षांनी प्रीती, क्षमा, बंधुभाव यांवर बोलावं आणि मग सगळ्यांनी जेवायला उठावं, अशी रीत आहे. पण आपलं हे संमेलन बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये भरलंय, आणि इथे ती पाळता येत नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी याच तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असं आरोपपत्र सांगतं. गुन्हा खंडणीचा आणि क्रौर्याचा. पण पाहता पाहता चर्चा मराठा आणि वंजारी या दोन शब्दांवर येऊन थांबली.

रान आधीच तापलेलं होतं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटली. 2024 च्या लोकसभेला बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना 6,553 मतांनी हरवलं, आणि निकालानंतर अमक्या जातीच्या दुकानातून माल घ्यायचा नाही अशा शपथांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. याच गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मराठा, वंजारी, बौद्ध, मांग सगळेच त्यांत असतात. मुकादम उचल देतो ती कोयता मोजून, म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरून. पहाटेच्या थंडीत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला तिथे कुणी जातीचा दाखला मागत नाही. तो मागितला जातो गावी परतल्यावर, निवडणुकीच्या तोंडावर.

या सगळ्यात ख्रिस्ती माणूस कुठे आहे? संख्येने मूठभर. दोन्ही बाजू त्याला शत्रू मानत नाहीत ही त्याची सोय, आणि तो गप्प बसला तर कुणाच्या लक्षातही येत नाही ही त्याची अडचण. शिवाय आडनाव त्यालाही आहे. केज विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. मांगवाड्यातल्या मुलाने बाप्तिस्मा घेतला की कायद्याच्या लेखी तो या राखीव जागेला अपात्र ठरतो. गावाच्या लेखी मात्र तो होता तिथेच राहतो. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढा म्हटलं, 2022 मध्ये याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. दरम्यान कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं दुहेरी जगणं सुरू आहे. आपल्या किती कथांमध्ये हे जगणं आलं? हाताची बोटंही पुरून उरतील.

गाऱ्हाणं मांडताना घरचा हिशेबही मांडावा लागतो. नगरकडच्या मिशनच्या काळात महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका पंगतीला बसायला राजी नसत, आणि लग्न जमवताना जात विचारणारे विश्वासणारे आजही आहेत. चर्चमध्ये जाण्याने माणूस आपोआप निवळत नाही, याचा सर्वांत भयंकर पुरावा रवांडाचा. बहुसंख्य ख्रिस्ती देश. ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापलेलं. 1994 मध्ये न्यामाता इथल्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या तुत्सींची तिथेच कत्तल झाली. आज ते चर्च स्मारक आहे.

तरीही मराठी ख्रिस्ती परंपरेकडे एक अनुभव असा आहे, जो आज बीडला उपयोगी पडावा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि एका घराची दोन शकलं झाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही सोवळं सुटलं नव्हतं, चूल आणि पाणी वेगळंच होतं. स्वतःशी भांडत, हळूहळू त्या बदलल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या काळाबद्दल त्या लिहितात तेव्हा नवऱ्याचा हट्टही दिसतो आणि माहेरच्यांचं दुःखही, शत्रू कुणीच दिसत नाही. दुभंगलेल्या घराबद्दल इतक्या निर्मळ विनोदाने लिहिणं मराठीत दुसऱ्या कुणाला फारसं साधलेलं नाही.

दुसरं उदाहरण शेजारचंच. केजहून कळंब ओलांडलं की धाराशिव. जानेवारी 2020 मध्ये तिथे, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. निवड जाहीर होताच विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. उद्घाटनाला जाऊ नका, म्हणून कवी ना. धों. महानोरांवरही दबाव आला, तरी ते गेले. दिब्रिटोंना विरोध करणाऱ्यांनी त्यांचं लिखाण चाळण्याची तसदी घेतलेली दिसत नव्हती. हा माणूस 1983 ते 2007 ‘सुवार्ता’ मासिक चालवत होता, त्यात ख्रिस्तीतर लेखकांना मानाने बोलावत होता, आणि वसईतल्या झाडांसाठी, विहिरींसाठी बिल्डरांच्या दहशतीसमोर उभा होता. त्यांचं ‘सुबोध बायबल’ साहित्य अकादमीने 2013 मध्ये गौरवलं. पाठीचं दुखणं असताना ते उस्मानाबादला आले आणि जे बोलायचं ते बोलले. जुलै 2024 मध्ये ते गेले. आपल्यापुरतं सांभाळून बोलणारा धर्मगुरू समाजाला लगेच चालला असता. दिब्रिटोंनी ती सवलत घेतली नाही.

म्हणून या संमेलनातून ठराव मांडण्यापेक्षा एक काम वाटून दिलेलं बरं. केज, धारूर, अंबाजोगाई, माजलगाव इथल्या ख्रिस्ती लेखकांनी आपापल्या गावातली 2023 ते 2025 ही तीन वर्षं लिहून काढावीत. ज्यांचं घर जळालं त्यांच्याशी बोलावं, ज्यांच्या दुकानावर बहिष्कार पडला त्यांच्याशी बोलावं, आणि शपथ घेणाऱ्यांशीही. नावं बदलली तरी चालेल. ऐकीव मजकूर मात्र नको. पुढच्या दिवाळी अंकांसाठी हे लेखन जूनअखेर संपादकांच्या हाती पडायला हवं, तेव्हा उद्यापासूनच गाठीभेटींना लागा.