बारावी शेळी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सभासदांसाठी इथे देत आहोत.)



मला शेळी मदत निधीवर बोलायला सांगितलंय. खरं सांगते, मागच्या श्रावणानंतर या विषयावर माइकसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. पण ज्यांचं नुकसान झालं त्याच काकू परवा मला म्हणाल्या, "तूच बोल. पत्रक तूच लिवलं व्हतं." म्हणून बोलते.

पत्रक मीच लिहिलं होतं. "वर्षाला फक्त तीनशे रुपये भरा. शेळी दगावली तर पूर्ण किंमत मिळवा." खाली शेळीचं चित्र. गुढीपाडव्याला निधी सुरू झाला. आषाढ संपेपर्यंत तीनशे शेळ्यांची नोंद झाली. तीनशे गुणिले तीनशे, म्हणजे नव्वद हजार रुपये जमा. एका शेळीचे आपण आठ हजार द्यायचं ठरवलं होतं. आता हिशेब तुम्हीच करा. अकरा शेळ्यांचे झाले अठ्ठ्याऐंशी हजार. श्रावणात अकरावी शेळी गेली आणि निधीत दोन हजार उरले. चार दिवसांनी बारावी गेली.

ती बारावी शेळी ज्यांची होती त्या काकू इथे बसल्यात, नाव घेत नाही. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. शेळी गटाच्या कर्जातून घेतलेली. मी त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनी माझंच पत्रक घडी करून पिशवीत ठेवलेलं होतं. त्या एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत, मला चहा दिला. वर्षाच्या शेवटी एकूण सव्वीस शेळ्या गेल्या होत्या. अकरा जणींना आठ-आठ हजार मिळाले आणि पंधरा जणींना काहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुरू करायच्या आधी कोणाला विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. विम्याचं गणित करणारे एक जाणकार आपल्याला भेटले होते. अशा माणसांना अ‍ॅक्च्युअरी म्हणतात. विमा कंपन्यांचे हप्ते किती असावेत, पेन्शनसाठी आज किती पैसे बाजूला ठेवावेत, असा हिशेब ते करतात. त्यांच्या परीक्षा फार अवघड असतात, त्यांची वेगळी संस्था आहे आणि त्यांच्यासाठी 2006 सालचा वेगळा कायदाही आहे. आपण त्यांना विचारलं, "शेळीमागे हप्ता किती ठेवायचा?" त्यांनी आपल्या पशुसखींच्या तीन वर्षांच्या वह्या मागवल्या. पहिल्या वर्षी 15 शेळ्या मेल्या, दुसऱ्या वर्षी 18, तिसऱ्या वर्षी रोग आला तेव्हा 39. तीन वर्षांच्या 72, म्हणजे वर्षाला सरासरी 24. तीनशेतल्या चोवीस म्हणजे शंभरात आठ. आठ हजाराचे आठ टक्के 640 रुपये, वर खर्चाचे 60. त्यांनी लिहून दिलं : हप्ता 700 रुपये.

आकडा बरोबर होता. आजही मी करून बघितला तर तेवढाच येतो. पण तो अहवाल चौदा पानांचा, इंग्रजीत, आणि आपल्या कार्यकारिणीत तो कोणी शेवटपर्यंत वाचला असेल असं मला वाटत नाही. मी वाचला होता, पण मीही शेवटचा आकडा बघितला आणि घाबरले. सातशे रुपये कोण भरणार? मग बैठकीत चर्चा झाली, सातशेचे पाचशे झाले, पाचशेचे तीनशे झाले. भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं आपण गणिताशी केलं. हप्ता कमी केला, पण वचन आठ हजाराचंच ठेवलं. इतिवृत्तात सगळं आहे, मी परत वाचलं. हप्ता निम्म्याहून कमी केला तर देणं किती कमी होईल, हा प्रश्न त्यात एकीनेही विचारलेला नाही. मीही नाही.

त्या साहेबांना मी दोष देत नाही. आपण किंमत विचारली, त्यांनी किंमत सांगितली. दुकानात जाऊन नुसतं "साडी केवढ्याला" विचारलं तर दुकानदार किंमतच सांगणार. लग्नाला नेसायची की रानात, हे आपणच सांगायला पाहिजे. अर्थात चांगला दुकानदार स्वतःहून विचारतो, हेही खरं.

दिवाळीनंतर दुसऱ्या एक ताई आल्या. त्याच कामाच्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या, वयाने माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. सुट्टी काढून स्वखर्चाने आल्या. मी वह्या, अहवाल, सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "आधी ज्यांची शेळी मेली त्यांच्याकडे जाऊ."

आम्ही सात घरं फिरलो. प्रत्येक घरी त्या एकच विचारायच्या : शेळी मेल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्हाला काय ठरवावं लागलं? मला वाटलं, सगळ्या म्हणतील नवीन शेळी घ्यायला पैसे नव्हते. एका मावशींनी काय उत्तर दिलं ऐका. "आगं पोरी, आठ हजार कुनाला नको हायेत? पर शेळी काय लगेच घेत न्हाई कोनी. रोग चालू असताना कोन घेईल? मला घोर व्हता गटाच्या हप्त्याचा. हप्ता चुकला की गटात मान खाली जाते. म्हनून राह्यलेला बोकड पडत्या भावात इकला."

पाच घरांत थोड्याफार फरकाने हेच निघालं. शेळीच्या कर्जाचा हप्ता महिन्याला आठशेच्या आसपास. दोन-तीन महिने निभावले तर उरलेल्या शेळीची करडं मोठी होतात, बाजार सुधारतो, रोग जातो. तेवढे दिवस निघाले नाहीत तर बाई राहिलेलं जनावर मातीमोल विकते. म्हणजे जीव एका शेळीचा जातो आणि धंदा दोन शेळ्यांचा बुडतो. पूर्ण किंमत सहा महिन्यांनी मिळण्यापेक्षा अडीच हजार आठ दिवसांत मिळणं तिला जास्त उपयोगी होतं. हे वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण आपण वहीत फक्त मेलेल्या शेळ्या मोजत होतो.

त्या रात्री आमच्या कार्यालयात बसून ताईंनी नवीन हिशेब मांडला. तोच आजच्या ठरावात आहे, म्हणून सावकाश सांगते.

हप्ता 350 रुपये. तीनशे शेळ्यांचे 1,05,000 जमा. शेळी गेली तर एकूण मदत 4,000, पण दोन भागांत. पहिला भाग 2,500 रुपये, पशुसखीने खात्री केल्यापासून आठ दिवसांत. दुसरा भाग 1,500 रुपये मार्चअखेर, निधीत पैसे उरले असतील तरच. उरलेले कमी असतील तर सगळ्यांना सारखे वाटून.

नेहमीच्या वर्षी चोवीस शेळ्या गेल्या तर पहिल्या भागाचे 60,000 जातात, 45,000 उरतात. दुसऱ्या भागाला 36,000 लागतात. म्हणजे सगळ्यांना पूर्ण चार हजार देऊन नऊ हजार पुढच्या वर्षाला शिल्लक.

आणि रोगाचं वर्ष आलं, एकोणचाळीस गेल्या तर? पहिल्या भागाला 97,500 लागतात. आपल्याकडे 1,05,000 आहेत. एकोणचाळिसावीलाही तिचे अडीच हजार मिळतात, आठ दिवसांत. दुसऱ्या भागाला मात्र जवळजवळ काही उरत नाही, माणशी दोनशेसुद्धा नाही. हे आज, आधीच सांगते. बेचाळीस शेळ्यांपर्यंत हा निधी शब्द पाळू शकतो. त्रेचाळिसावीला कमी पडेल, म्हणून चांगल्या वर्षाची शिल्लक दुसरीकडे कुठेही वापरायची नाही. सभेच्या मंडपालाही नाही. (हे मी अध्यक्ष ताईंकडे बघून म्हणत नाहीये.)

ताईंनी अजून एक गोष्ट समजावली. माणसं आणि शेळ्या यांच्या मरणात फरक आहे. एका वाडीत एका वर्षात एकदम दहा बाया जात नाहीत, पण पीपीआर किंवा आंत्रविषार आला तर आठवड्यात दहा दारातल्या शेळ्या जातात. म्हणून शेळ्यांच्या बाबतीत नुसती सरासरी बघून चालत नाही. सरासरी चोवीस असली तरी आपल्याला जगायचं असतं ते एकोणचाळीसच्या वर्षात. मग दोन नियम आले. नोंदणी फक्त चैत्र-वैशाखात, पावसाच्या आधी. मागच्या वर्षी आषाढापर्यंत नोंदणी चालू ठेवली आणि शेळी खोकायला लागल्यावर नाव घालायला बऱ्याच जणी आल्या. हसू नका, मला नावं पाठ आहेत. दुसरा नियम, लसीकरण झालेल्या आणि कानात बिल्ला असलेल्या शेळीचीच नोंद.

आणि हो, पावतीवर "विमा" हा शब्द लिहायचा नाही. विम्याचा धंदा करायला विमा नियामकाची नोंदणी लागते, ती आपल्याकडे नाही. आपण एकमेकींना मदत करतोय, म्हणून मदत निधी. ज्यांना पूर्ण किमतीचं संरक्षण हवंय त्यांनी कंपनीचा पशुविमा जरूर घ्यावा, कागदपत्रांना मी मदत करीन.

परत जाताना एसटीची वाट बघत असताना ताईंनी एक जुनी हकिकत सांगितली. ती मला फार आवडली. 1740 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये चर्चच्या धर्मगुरूंनी आपल्या विधवांसाठी निधी काढला. वॉलेस आणि वेबस्टर नावाच्या दोन धर्मगुरूंनी हिशेब केला, गणिताचे प्राध्यापक मॅक्लॉरिन यांनी तो तपासला. आधी गावोगावची माहिती जमवली : धर्मगुरू किती, साधारण 930, वर्षाला मरतात किती, 27, त्यातल्या कितींच्या मागे विधवा राहते, 18. आणि हप्ता एकच ठेवला नाही. चार दर ठेवले. ज्याने जेवढा हप्ता निवडला त्यानुसार त्याच्या विधवेला वर्षाला 10, 15, 20 किंवा 25 पौंड. म्हणजे अडीचशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या माणसासमोर निवड ठेवली होती. आपण मागच्या वर्षी एकच पत्रक ठेवलं.

आता तुमच्यापैकी काही जणी म्हणताहेत, सभासदाच्या मृत्यूसाठीही असाच निधी काढू. मी तोच प्रश्न विचारते : कोणासाठी आणि कशासाठी? अठरा ते पन्नास वयाच्या बाईला बँकेतून जीवनज्योती विमा वर्षाला 436 रुपयांत मिळतो, दोन लाखांचा. अपघाताचा सुरक्षा विमा 20 रुपयांत, सत्तर वयापर्यंत. मेअखेर खात्यात तेवढे पैसे ठेवायचे एवढंच काम. तिथे आपला वेगळा निधी कशाला? पण ज्यांनी पन्नाशीच्या आत जीवनज्योती घेतला नाही, त्या मावश्यांना आता तो नव्याने मिळत नाही, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर गटाचं कर्ज आहे. ती गेली तर ते कर्ज सुनेने फेडायचं की गटाने? हे ठरवायला निधी लागेल. म्हणून येत्या महिन्यात सीआरपी ताई घरोघर येतील. वय, कर्जाची बाकी आणि कर्ज कोण फेडणार हे विचारतील. वय खरं सांगा, मावशी. लग्नाला नाही विचारत.

मागच्या वर्षी ज्या पंधरा जणींना काही मिळालं नाही, त्यांचं काय? कार्यकारिणीने ठरवलंय की महासंघाच्या सेवाशुल्कातून प्रत्येकीला 2,500 द्यायचे. पंधरा जणींचे 37,500 होतात. उशिराच आहेत, मला माहीत आहे. बाराव्या शेळीच्या काकूंनी बोकड आधीच विकलाय, तो परत येणार नाही. पण त्यांनी या वर्षी दोन पाटी नोंदवल्यात, आणि मला सांगितलंय की नवीन पत्रक छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचं.

वाचून दाखवलं. त्यांनी एक बदल सुचवला. मी लिहिलं होतं, "4,000 रुपयांपर्यंत मदत." त्या म्हणाल्या, "पर्यंत बारीक दिसतंय. अडीच हजार आधी लिव, मोठ्या अक्षरात. बाकीचं खाली लिव, अन् मिळंलच असं नाही, हे बी लिव." तसं लिहिलंय.

पत्रकं मागे टेबलावर आहेत. आता कोषाध्यक्ष ताई ठराव वाचतील. ज्यांना पटत नाही त्यांनी आत्ताच हात वर करा, श्रावणात नको.