हुनराला हिशेबाची जोड

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर गॅरेजचा विषय काढल्याबद्दल तुम्हाला थोडे नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेक घरांची चूल डेंटिंग, पेंटिंग आणि वेल्डिंगच्या कामावर पेटते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टाच हातांनी उभा केलेला आहे. महायुद्धातील लष्करी छावणीत निर्वासित सिंधी बांधव आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगरचा पाया घातला गेला, आणि पुढे तेथे घरोघर उद्योग सुरू झाले. अंबरनाथला आयुध निर्माणी आली, मग औद्योगिक वसाहती वाढल्या. अशा ठिकाणी कारागिरीची गोष्ट शाळेत सांगायची नाही तर कोठे सांगायची?

आज मी एकच काम घेतो. जुन्या शर्यतीच्या मोटारीची फायबरची बॉडी फुटली, तर ती सांधावी की नवी करावी?

फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट गाडी या पदार्थाच्या बॉडीसह काढली. पहिल्या वर्षी ती अवघी ३०० निघाली. इंग्लंडात लोटस कंपनीने १९५७ साली एलिट दाखवली. तिच्यात तर सांगाड्याचे कामही बहुतांशी फायबरच करी. आपल्या देशात बंगलोरच्या सिपानी कंपनीने १९८० च्या दशकात डॉल्फिन आणली. ती ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली होती आणि तिची बॉडी फायबरची होती. वजनाला हलकी असल्याने हौशी चालकांनी ती रॅलीत पळवली. मद्रासजवळ शोलावरमच्या आणि मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती भरत. त्या जमान्यातील गाडी आज कोणी विश्वासाने तुमच्या दारात आणून उभी केली, तर ती तुमच्याकडे अमानत आहे, हे प्रथम ध्यानात धरा.

पत्र्याला पोचा आला की ठोकून काढता येतो, फायबर मात्र तडकते. म्हणून आधी तडा का गेला ते शोधा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले तर एका जागी मार बसला असे समजा. बोल्टच्या भोकाभोवती तडे असतील तर बोल्ट फार आवळला आहे किंवा सांगाडा हलतो आहे. कारण तसेच ठेवून वरून पुट्टी भरली, तर रंग चकचकीत दिसेल आणि पहिल्याच शर्यतीत जोड उघडा पडेल. दीडशेच्या वेगात समोरचा भाग उडाला तर ती चूक चालकाच्या जिवावर बेतते. पट्ट्याचे आणि आसनाचे बोल्ट तर नुसत्या फायबरवर कधीच सोडू नयेत, त्यांना सांगाड्याचा आधार हवा.

आता दुरुस्ती. प्रथम तेल आणि मेण धुऊन काढा, कारण तेलकट जागेला रेझिन धरत नाही. मग आतल्या बाजूने तड्याभोवतालचा भाग उतरता घासा. जाडी ३ मिलिमीटर असेल तर उतार तिच्या बारापट, म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर लांब ठेवा. त्यावर मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवा आणि रोलरने हवेचे बुडबुडे काढा. शेवटी बाहेरून जेलकोट लावा. उघड्या हवेत साध्या जेलकोटचा पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद बसवावा.

येथे हिशेब येतो. हार्डनर बहुधा शेकडा १ ते २ असतो, म्हणजे एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम. आमचे जुने उस्ताद तो अंदाजाने ओतत. मे महिन्याच्या उन्हात तोच अंदाज डबाभर रेझिन हातातच तापवून घट्ट करतो. पावसाळ्यात दमट मॅट पांढरी पडते आणि जोड कच्चा राहतो. उल्हास नदीचे पाणी २००५ आणि २०१९ च्या जुलैत कसे चढले ते तुम्ही विसरला नसाल. मॅट नेहमी उंच फळीवर, गुंडाळून ठेवा. आणखी एक गोष्ट जीव वाचवणारी आहे. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका किंवा स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तत्काळ भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरकडे धावा. काम मोकळ्या हवेत करा, तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा असू द्या, आणि विडी दूर ठेवा.

मग नवी बॉडी केव्हा करावी? निम्म्याहून अधिक भाग पोकळ वाजू लागला, थर सुटले, किंवा जुन्या दुरुस्त्यांनीच ती जड झाली, तर नवी करणे शहाणपणाचे. परंतु जुनी फेकण्यापूर्वी तिच्यावरून साचा काढा, आणि तेही ती सांगाड्यावर बसवलेली असताना, म्हणजे ती वाकणार नाही. नवी करताना मजबुतीच्या मोहाने एक थर जास्त घालू नका. एका चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट आणि तिच्या दुप्पट रेझिन धरले, तर एका थराचे वजन १३५० ग्रॅम होते. बॉडीचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर असेल तर एकाच जादा थराने ८ किलोंहून अधिक भार वाढतो. ज्या गाडीत ग्रॅम ग्रॅम वाचवले, तिच्यावर आपण हा बोजा लादायचा काय?

आणि जुने तुकडे जपून ठेवा. अंबरनाथच्या शिवालयाला हजार वर्षे होत आली. त्याचे काम शके ९८२ मधले, म्हणजे १०६० चे. त्याचा एखादा निखळलेला दगड आपण टाकून देऊ काय? त्या दगडावर कारागिराच्या छिन्नीची खूण असते. तसेच जुन्या बॉडीच्या आतल्या बाजूला पूर्वीच्या हातांची खूण असते. मालकाला स्पष्ट सांगा की हे जुने आहे, हे मी नवे केले आहे. कागदावर लिहून द्या. नक्कल करणे गुन्हा नाही, पण नकलेला अस्सल म्हणून विकणे म्हणजे अमानतीत खयानत.

विद्यार्थी मित्रहो, हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये येते. तेव्हा बापाच्या हाताला रेझिनचा वास येतो म्हणून शरमू नका. पण तेवढ्यावर थांबूही नका. शेकडेवारी, क्षेत्रफळ आणि रसायन हे वर्गातले धडे त्याच्या गॅरेजात घेऊन जा. तुमच्या घरी तराजू नसेल तर पहिल्या कमाईतून एक तराजू आणि एक वही घ्या. किती रेझिन, किती हार्डनर, कोणता महिना आणि काम कसे निघाले, ते रोज त्या वहीत टिपा. बापाचा अंदाज त्याच्याबरोबर जाईल, वही मात्र तुमच्या मुलांना उपयोगी पडेल. आणि पालकांनो, पोराला गॅरेजात घ्या, पण शाळा सुटल्यावर घ्या.

अल्लाह आपल्या हातांना बरकत देवो आणि या संस्थेची भरभराट करो. आमीन.