वाजविणाऱ्याचे नाव

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात मांडवगण फराटा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणावर बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही एका वादकाविषयी बोलणार आहोत. कारण गेल्या जयंतीला आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक होती हे या वादकाचे वादन ऐकताना आमच्या ध्यानात आले.

केरसी लॉर्ड हे नाव किती जणांनी ऐकले आहे? हात वर करा. (दोन हात वर आले.) बरे. आता 'आराधना' चित्रपटातले 'रूप तेरा मस्ताना' किती जणांनी ऐकले आहे? (हशा.) पाहा, सगळे हसले. १९६९ सालचे हे गाणे, तेव्हा जन्मही न झालेल्या मुलांना ठाऊक आहे. गायक किशोरकुमार, संगीतकार सचिनदेव बर्मन, हेही तुम्ही सांगाल. पण त्या गाण्यात किशोरकुमारांची ओळ संपते तिथे एक सूर श्वास घेतल्यासारखा फुगून पुढे येतो आणि गायक परत आला की बाजूला सरतो. तो अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांनी वाजविला आहे. आपण पन्नास वर्षांहून अधिक काळ या माणसाला ऐकत आलो आणि त्याचे नाव आपल्याला माहीत नाही.

केरसी १९३५ साली मुंबईत एका पारशी घरात जन्मले आणि २०१६ साली मुंबईतच वारले. वडील कावस लॉर्ड हे चित्रपटसंगीतातले नामांकित तालवादक, सारे त्यांना 'कावसकाका' म्हणत. धाकटे बंधू बरजोर हेही वादक. केरसी किशोरवयातच ध्वनिमुद्रणाला जाऊ लागले, तेही आधी तालवाद्ये घेऊन. पुढे अकॉर्डियन, पियानो, ऑर्गन असे करीत ते पट्ट्यांच्या वाद्यांकडे आले. 'हम दोनो' (१९६१) या चित्रपटात देव आनंदच्या सिगारेट लायटरमधून एक नाजूक धून वाजते, आठवते ना? तिचे संगीतकार जयदेव. ती धून लायटरमधली नव्हे. ग्लॉकेनस्पील म्हणून धातूच्या पट्ट्यांचे वाद्य असते, लहान हातोड्यांनी वाजवितात, त्यावर ती केरसींनी वाजविली. इतके थोडे सूर, पण त्या चित्रपटाची ओळख होऊन बसले!

त्या काळचे ध्वनिमुद्रण कसे होत असे हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. ताडदेवचे फिल्म सेंटर असो की वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, गायक आणि पन्नास-साठ वादक एकाच वेळी वाजवीत. एकाचा सूर चुकला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळत, तबकडीवर नाव मात्र नसे. आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनवरील चित्रपटधुनांच्या तबकड्या त्यांच्या नावाने निघाल्या, पण असे भाग्य फार थोड्यांचे. न्यूझीलंडचे प्राध्यापक ग्रेगरी बूथ यांनी या वादकांना भेटून त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या. ते पुस्तक २००८ साली निघाले. आपल्या घरातल्या माणसांची नोंद घ्यायला इतक्या दुरून माणूस यावा लागला, याची आम्हांला थोडी लाज वाटते.

आता मुद्द्याकडे येतो. पेटी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पेटीत जीव असतो तो भात्यात. पट्टी कोणीही दाबील. हवा किती द्यायची, सूर कुठे धरायचा, कुठे सोडायचा, हे भाता ओढणारा हात ठरवितो. अकॉर्डियनचेही तसेच, फक्त भाता छातीशी असतो. केरसींचे अकॉर्डियन ऐकताना सूर मोजू नका, भाता ऐका.

१९७३ च्या सुमारास केरसींनी मिनीमूग नावाचा सिंथेसायझर परदेशातून आणला. या विजेच्या वाद्याला भाता नाही. चव्वेचाळीस पट्ट्या, आणि एका वेळी एकच सूर निघतो. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. म्हणजे पेटीवाल्याचे सगळे कसब तिथे निरुपयोगी. मग जीव आणायचा कुठून? डाव्या हाताशी दोन चाके असतात, समोर खुंट्यांची रांग असते. एका हाताने सूर वाजवीत दुसऱ्या हाताने त्याला वाकवायचे, मंद करायचे, उजळायचे. एका अर्थाने भाता पुन्हा हातानेच घडवायचा. ज्याने आयुष्यभर ताल आणि भाता सांभाळला, त्याला ते जमले.

हे यंत्र स्टुडिओत आले तेव्हा इतर वादकांनी हरकत घेतली. एकच माणूस दहा जणांचे आवाज काढू लागला तर आमच्या चुली कशा पेटणार, ही त्यांची भीती. ती भीती खोटी ठरली असे म्हणण्याची सोय नाही. पुढील दोन दशकांत ध्वनिमुद्रण तुकड्यातुकड्यांनी होऊ लागले, यंत्रावर ताल बसविले जाऊ लागले, आणि पन्नास-साठ वादकांचे ते दालन रिकामे झाले. केरसींचे स्वतःचे जगही त्यातच गेले. लॉर्ड कुटुंबावर रुद्रदीप भट्टाचार्जी यांनी जो माहितीपट केला त्याचे नावच 'द ह्यूमन फॅक्टर' आहे. माणसाचा भाग, असे आपण म्हणू.

यंत्र वाईट, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्याच चरणजित सिंग यांनी १९८२ साली तालाचे यंत्र आणि सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले श्रोते चकित झाले. तिथे यंत्राला जे येते ते त्यांनी त्याच्याकडून घेतले. कोणाला घरी बसविण्यासाठी ते वाजविले नव्हते.

आम्ही मात्र नेमके तेच केले. मंडळाने वर्गणीतून कीबोर्ड घेतला. त्यात शंभर ताल भरलेले. गेल्या जयंतीला आम्ही आमच्या गायन पार्टीच्या ढोलकीवाल्या तात्यांना म्हणालो, "तात्या, यंदा राहू द्या. बटण दाबले की ठेका चालू होतो." तात्या म्हणाले, "बरं झालं बाबा, खांदा दुखतोय." आणि पुढच्या रांगेत येऊन बसले.

कार्यक्रम सुरू झाला. गायकाने एका ओळीवर आवाज लांबविला, लोकांनी टाळ्या दिल्या, म्हणून त्याने तो आणखी लांबविला. ठेका थांबला नाही. यंत्राला टाळ्या ऐकू येत नाहीत. गायक समेवर आला तेव्हा सम निघून गेली होती. तो गोंधळला, आम्ही बटणे शोधू लागलो. त्या गडबडीत आमची नजर तात्यांकडे गेली. ते मान खाली घालून बसले होते आणि त्यांची बोटे गुडघ्यावर ठेका धरीत होती. तो ठेका गायकाबरोबर बरोबर थांबला होता आणि समेवर बरोबर पडला होता. खांदा दुखत होता की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला आजवर झालेले नाही.

आपल्या चळवळीची गाणी माणसांनी माणसांना ऐकविली म्हणून टिकली. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे घराघरांत आहेत. त्यांच्या मागे बसून ज्यांनी पेटी, ढोलकी, झांज सांभाळली त्यांतली किती नावे आपण सांगू शकतो? एक जानेवारीला कोरेगाव भीमाला जाल तेव्हा तिथे लागलेली गाणी जरा थांबून ऐका. गायक कोण ते सांगता येईल. मागे वाजविणारा कोण, हे गाणे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी ठेवतो. आपली मुले कार्यक्रमाची गाणी मोबाईलवर मुद्रित करून गावोगाव पाठवितात. यापुढे त्या प्रत्येक गाण्याखाली कोरसमधल्या पोरासुद्धा सर्वांची नावे लिहावीत. दुसरे, कीबोर्ड वाजविणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीने तालाचे बटण बंद ठेवून सहा महिने तात्यांशेजारी बसावे. तिची याला तयारी आहे. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "पण तात्या येतील का?"

तात्या आज सभेत आहेत. त्यांच्या ढोलकीचे एका बाजूचे चामडे सैल झाले आहे असे कळले. ती उद्या दौंडला दुरुस्तीला न्यायची आहे. कोण नेणार, ते सभा संपल्यावर इथेच ठरवू.