आत्मीयतेचे ऋण

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जगाच्या पाठीवर कोठे ना कोठे भूकंप होतच असतात. बातमी वाचून आपण क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. परंतु २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळची धरणी हादरली, तेव्हा चौदाशे किलोमीटर दूर असलेल्या या गोदातीरावर अनेकांना आपल्याच घरावर घाला पडल्यासारखे वाटले. असे का वाटावे आणि असे वाटण्याने आपल्यावर कोणते कर्तव्य येते, या दोनच प्रश्नांविषयी मी आज बोलणार आहे.

त्या भूकंपाची तीव्रता ७.८ होती. केंद्र होते गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ. १२ मे रोजी दुसरा मोठा धक्का बसला. जवळजवळ नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि लक्षावधी घरे जमीनदोस्त झाली.

‘गोरखा’ हे नाव गोरक्षनाथांवरून आले, अशी तेथील श्रद्धा आहे. गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ. त्यांनी निवृत्तिनाथांना अनुग्रह दिला तो आपल्या ब्रह्मगिरीवर, असे परंपरा सांगते. निवृत्तिनाथांकडून तो ठेवा ज्ञानदेवांकडे आला. ज्या काष्ठमंडपावरून काठमांडू शहराला नाव मिळाले, त्याच्या मध्यभागी गोरक्षनाथांचीच मूर्ती होती. तो मंडप कोसळला, त्या वेळी तेथे रक्तदान शिबिर चालू होते. दुसऱ्याला जीवन देण्यासाठी आलेल्यांवरच काळाने झडप घातली.

आणखी एक योग पाहा. मच्छिंद्रनाथांना नेपाळमध्ये हिंदू आणि बौद्ध दोघेही भजतात. बौद्ध त्यांना करुणामय अवलोकितेश्वर मानतात. त्यांची रथयात्रा दरवर्षी निघते, पण दर बारा वर्षांनी ती बुंगमती गावातून पाटणकडे जाते. २०१५ हे ते बारावे वर्ष होते. भूकंपाने रथ वाटेतच थांबला आणि बुंगमतीचे मंदिर ढासळले. अडीच महिन्यांनी, १४ जुलैला, येथे आपल्या सिंहस्थाची ध्वजा चढली. एका परंपरेच्या दोन तीरांवर बारा वर्षांचे दोन पर्वकाळ एकाच वर्षी आले होते. एका तीरावर उत्सव होता, तर दुसऱ्या तीरावर आकांत.

हे नाते केवळ श्रद्धेचे नाही. १९४५ साली नेपाळच्या इतिहासातील पहिल्या कागदी नोटा निघाल्या, त्या आपल्या नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापलेल्या होत्या. नाशिकच्या कामगारांच्या हातून गेलेला कागद हिमालयातील बाजारात फिरला. हा व्यवहार एकतर्फीही नाही. १८५७ च्या समरानंतर नानासाहेब पेशव्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळच्या तराईचा आश्रय घेतला. पुढे लोकमान्यांचे सहकारी नाट्याचार्य खाडिलकर कौलांच्या कारखान्याच्या निमित्ताने तेथे राहिले. अडचणीच्या काळात आपण त्या दाराशी गेलो होतो, याचे विस्मरण होऊ नये.

आता दुःखाच्या नात्याविषयी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरू शकत नाही. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. गाव थकून झोपले होते आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. त्या भूकंपाची तीव्रता नेपाळच्या मानाने पुष्कळच कमी होती. तरीही हजारो माणसे गेली. कारण घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला. वर मातीच्या धाब्याचा भार. धक्का बसताच भिंतीचे दोन्ही थर फाकले आणि झोपलेल्या माणसांवर छत आले. नेपाळच्या डोंगरी गावांतही माणसे मेली ती बहुतांशी मातीत रचलेल्या अशाच दगडी भिंतींखाली. तेथे वेळ होती ११ वाजून ५६ मिनिटांची, वार शनिवार. शनिवारी नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी असते. म्हणून हजारो शाळा कोसळल्या, तरी त्या रिकाम्या होत्या. किल्लारीला दैवाने तेवढीही सवलत दिली नव्हती.

म्हणजे मारेकरी एकच होता आणि त्यावरचा उपायही एकच आहे: भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड, जोत्यापासून छतापर्यंत घराला वेढणारे पट्टे आणि हे काम जाणणारा गवंडी. किल्लारीनंतर महाराष्ट्र हे शिकला. हे ज्ञान वाटणे हीच भूकंपग्रस्त समाजाने भूकंपग्रस्त समाजाला द्यावयाची खरी ओवाळणी होय.

बंधूंनो, येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. २०१५ साली भारताचे मदतपथक काही तासांतच काठमांडूत उतरले. पुढे गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत पन्नास हजार घरांच्या पुनर्बांधणीस भारताने साहाय्य केले. हे अभिमानास्पद आहे. परंतु त्याच दिवसांत आपल्या काही वाहिन्यांनी मदतीचा असा गाजावाजा केला की, नेपाळी तरुणांनी ‘परत जा’ असे म्हटले. त्याच वर्षाच्या अखेरीस सीमेवरची वाहतूक अडली, इंधन आणि औषधांची टंचाई झाली. कारणांविषयी मतभेद असतील, पण हिवाळ्यात तंबूत कुडकुडणाऱ्या माणसाला ते कसे कळावेत? ‘धाकटा भाऊ’ म्हणणे सोपे असते. धाकट्याचा स्वाभिमान सांभाळणे हेच थोरलेपण. तो काष्ठमंडप काठमांडूच्या नागरिकांनी स्वतःच्या पुढाकाराने, पारंपरिक पद्धतीने पुन्हा उभा केला, याचा आनंद आपल्याला आपल्या मदतीइतकाच वाटला पाहिजे.

आत्मीयतेची दुसरी कसोटी स्मरणाची. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळातील जाजरकोट हादरले. दीडशेहून अधिक माणसे पुन्हा तशाच भिंतींखाली गेली. त्याची आठवण आज किती जणांना आहे? आपत्ती मोठी असली तरच नाते जागे होत असेल, तर ते नाते नव्हे, ते कुतूहल होय.

मग आपण करावे काय? प्रारंभ आपल्या गल्लीतून होऊ शकतो. रात्री काठी आपटीत, शिट्टी वाजवीत फिरणारा गुरखा, उपाहारगृहात राबणारा मुलगा, हे नेपाळ रोज आपल्या दाराशी उभे असते. आपल्या समाजात त्यांना सरसकट ‘बहादूर’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांना त्यांचे नाव विचारावे. जिल्हा कोणता, घर उभे राहिले का, मुले कोठे शिकतात, हे विचारावे. वस्तीतील एखाद्या अभियंत्याने त्यांना सुरक्षित भिंतीची रीत समजावून द्यावी. सुटीवर गावी जाणारा माणूस ती बरोबर घेऊन जाईल. यासाठी ना परराष्ट्र धोरण लागते, ना मोठा निधी.

सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो. हिमालयातला भूकंप मात्र पंचांग पाहून येत नाही. तो पुन्हा येईल. त्या दिवशी दूरदर्शन संचासमोर बसून हळहळण्याआधी आपल्या गल्लीतल्या त्या माणसाचे दार ठोठावता यावे, आणि आपल्याला त्याचे नाव ठाऊक असावे, एवढी तयारी आजपासून करू या.